यथाशक्ती, पण यथातथा नव्हे

चैत्र महिना म्हणजे महाराष्ट्राच्या देवघराचा वसंत होय. पाडव्याची गुढी उतरते न उतरते तोच रामजन्माच्या पाळण्याची तयारी सुरू होते. सुंठवडा वाटून होतो तो हनुमानजयंतीची पहाट उजाडते आणि महिनाभर घरोघरी चैत्रगौरीपुढे आंब्याची डाळ, पन्हे व भिजविलेले हरभरे मांडले जातात. याच सुमारास भिंगारला व नगर शहरात आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचा पवित्र आठवडा येतो. हा केवळ योगायोग नव्हे. ईस्टरचा रविवार आपल्या सणांप्रमाणेच चंद्रावरून ठरतो. २१ मार्च हा वसंतसंपात धरून त्या दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. त्यामुळे तो बहुधा आपल्या चैत्री पौर्णिमेच्या, आणि एखादे वर्षी फाल्गुनी पौर्णिमेच्या मागोमाग येतो. एकाच चंद्राच्या साक्षीने दोन्ही घरांत देवापुढे काहीतरी ठेवले जाते.

ईस्टरच्या आधीचा गुरुवार हा येशू ख्रिस्ताने शिष्यांसमवेत घेतलेल्या शेवटच्या भोजनाचा दिवस मानला जातो. त्या भोजनात भाकर व द्राक्षारस या दोन वस्तू होत्या, आणि त्याच दोन वस्तू आजही ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानी आहेत. कॅथलिक मंडळी या विधीला मिस्सा म्हणतात. प्रॉटेस्टंट मंडळी प्रभुभोजन म्हणतात. कॅथलिकांच्या श्रद्धेनुसार त्या भाकरीचे व द्राक्षारसाचे ख्रिस्ताच्या देहात व रक्तात रूपांतर होते. बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांत स्मरणावर व सहभागितेवर भर असतो. श्रद्धेच्या या भेदात आम्ही शिरत नाही. आज आम्हांस विचार करावयाचा आहे तो एका साध्या, घरगुती वाटणाऱ्या प्रश्नाचा. तुटपुंज्या वर्गणीवर चालणाऱ्या मंडळीने वेदीवर ठेवावयाचा द्राक्षारस कोणता आणावा, आणि किती पैशांत आणावा?

आमच्या वाचकांपैकी काहींना वाटेल की, हिंदूंच्या सणविशेष पानावर या प्रश्नाचे प्रयोजन काय? प्रयोजन आहे. देवापुढे ठेवावयाच्या वस्तूची किंमत आणि तिची शुद्धता यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न ज्या घरात देवघर आहे त्या प्रत्येक घराचा आहे. शेजारी तो कसा सोडवितो हे पाहिले, तर आपल्या घरातील उत्तर तपासून पाहता येते.

या जिल्ह्याला ख्रिस्ती शेजार नवा नाही. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तरी लोकांच्या तोंडी अजून ‘नगर’च आहे. त्या नगरात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८३१ साली बसले. ‘ज्ञानोदय’ हे पत्र १८४२ साली येथूनच निघू लागले. ख्रिस्ती उपासनेला अभंगाचा व कीर्तनाचा मराठी साज चढविणारे कवी नारायण वामन टिळक यांची कर्मभूमी हीच, आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’तील कितीतरी पाने याच मातीतली. भिंगारला लष्कराची छावणी. तिच्यामुळे देशाच्या कानाकोपऱ्यातील आणि नाना पंथांची माणसे येथे नांदत आली. उत्तरेकडील तालुक्यांत कॅथलिकांची वस्ती दाट आहे. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत दर सप्टेंबरात मेणबत्ती लावणाऱ्यांत हिंदू भाविक किती असतात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. येथील कॅथलिक मंडळी १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात मोडतात. प्रॉटेस्टंटांतील अनेक पंथ २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ या नावाने एकत्र आले.

प्रथम कॅथलिकांचा नियम पाहू. १९८३ च्या त्यांच्या धर्मविधानातील ९२४ वे कलम स्पष्ट आहे. भाकर केवळ गव्हाची व ताजी असावी. द्राक्षारस नैसर्गिक असावा, द्राक्षवेलीच्या फळाचाच असावा आणि नासलेला नसावा. त्यात थोडे पाणी मिसळतात. अननसाची, स्ट्रॉबेरीची वा जांभळाची वाइन कितीही स्वस्त व चवदार असली, तरी ती येथे चालत नाही. महागडी बाटली मात्र कोठेही सांगितलेली नाही. म्हणजे नियमाचा कटाक्ष पदार्थाच्या खरेपणावर आहे, किमतीवर नाही. पूर्वी हा रस व ती भाकर मठांतील व्रतस्थ मंडळी स्वतः तयार करीत, त्यामुळे शंकेला जागा नसे. आता त्या वस्तू मोठ्या दुकानांतून विकल्या जातात. म्हणून १५ जून २०१७ रोजी रोमच्या उपासनाविषयक कार्यालयाने जगभरच्या धर्माध्यक्षांना पत्रक धाडले आणि या वस्तूंच्या गुणवत्तेवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आहे याचे स्मरण दिले. केरळात चर्चसंस्था सरकारी परवाना घेऊन मिस्सासाठी द्राक्षारस स्वतः गाळतात. महाराष्ट्रातही १९४९ च्या दारूबंदी कायद्यात धार्मिक विधीसाठी लागणाऱ्या मद्याची निराळी तरतूद आहे.

आता काटकसरीचा हिशेब. मिस्साच्या वेळी धर्मगुरूच्या पात्रात समजा ३० मिलिलिटर रस घेतला. साधारण बाटली ७५० मिलिलिटरची असते. म्हणजे एका बाटलीत २५ मिस्सा होतात. जेथे रोज मिस्सा होते तेथे ती महिन्याच्या आत संपते. परंतु जेथे आठवड्यातून एकदाच मिस्सा होते अशा लहान खेड्यात तिला जवळजवळ सहा महिने लागतात, आणि साधी वाइन तर उघडल्यावर काही दिवसांतच आंबट होऊ लागते. नगरच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात तर विचारूच नये. जे आंबून शिरका झाले ते नियमानेच बाद. तेव्हा स्वस्त म्हणून घेतलेली मोठी बाटली अर्धी ओतून द्यावी लागते आणि तीच सर्वांत महाग पडते. याउलट द्राक्षांपासूनच काढलेला मद्यार्क मर्यादेत घालून टिकाऊ केलेली गोड वाइन उघडल्यावरही काही आठवडे राहते, आणि धर्माधिकाऱ्यांची तिला हरकत नसते. मात्र ‘पोर्ट’ असे नाव छापलेल्या प्रत्येक बाटलीत तसाच रस असेल असे नाही. परका मद्यार्क, रंग वा कृत्रिम स्वाद घातला आहे काय, हे वेष्टनावर वाचूनच ठरवावे लागते. लहान बाटल्या घेणे, उघडलेली बाटली थंड जागी ठेवणे, आणि चार-सहा चर्चनी मिळून धर्मप्रांतामार्फत एकदम खरेदी करणे, हेच काटकसरीचे खरे मार्ग होत. यांपैकी एकाही मार्गाने वेदीचा मान उणा होत नाही.

प्रॉटेस्टंट मंडळींची वाट थोडी निराळी आहे. त्यांच्याकडे बहुधा सर्व उपासकांना द्राक्षारस दिला जातो. शंभर माणसांना प्रत्येकी ५ मिलिलिटर म्हटले तरी अर्धा लिटर लागतो. शिवाय अमेरिकेतील अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकोणिसाव्या शतकात मद्यपाननिषेधाकडे झुकले होते. १८६९ साली न्यू जर्सीतील व्हाइनलंड येथे थॉमस वेल्च या दंतवैद्याने पाश्चरची युक्ती वापरून द्राक्षांचा रस तापविला व बाटलीत बंद केला. हेतू एवढाच की, आपल्या चर्चच्या प्रभुभोजनात मद्य नसावे. तेव्हापासून अनेक चर्चमध्ये न आंबविलेला रसच वापरतात. आपल्याकडे त्याहून सोपी रीत प्रचलित आहे. काळ्या मनुका स्वच्छ धुऊन रात्रभर भिजत घालावयाच्या, उकळून कुस्करावयाच्या व फडक्यातून गाळून घ्यावयाच्या. तासगावच्या किंवा नाशिकच्या द्राक्षांच्या मनुका असल्या, तर परदेशी बाटलीची गरजच उरत नाही. कोकणातील बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजानेही शब्बाथच्या आशीर्वादासाठी वाइनऐवजी मनुकांचे सरबत पिढ्यान्‌पिढ्या वापरले आहे. मराठी बायबलने ‘द्राक्षारस’ हा शब्द योजिला, तो तर आंबलेल्या व न आंबलेल्या दोन्ही रसांना सामावून घेतो. शब्द एकच असला तरी त्याच्या पोटातील निवड मात्र प्रत्येक मंडळीला आपल्या श्रद्धेप्रमाणे व परंपरेप्रमाणे करावी लागते.

या निवडीत पैशाखेरीज आणखी एक विचार येतो, आणि नगर जिल्ह्याला तो टाळता येणार नाही. दारूने उद्ध्वस्त झालेले संसार या जिल्ह्याने पुष्कळ पाहिले. २०१७ च्या फेब्रुवारीत नगर तालुक्यातील पांगरमल येथे विषारी दारूने माणसांचे बळी घेतले, ती आठवण अजून ओली आहे. दारूमुक्तीने गाव उभे राहते याचा धडाही पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीनेच घालून दिला. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकण्यास मुभा देण्याचे ठरविले, तेव्हा त्याच गावातून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि सरकारने लोकांकडून हरकती व सूचना मागविल्या. अशा जिल्ह्यात एखाद्या मंडळीने, आपल्यांतील कोणी मोठ्या कष्टाने दारू सोडली आहे हे ध्यानी घेऊन मनुकांचा रस पत्करला, तर त्यात काटकसरीबरोबर करुणाही आहे. आणि एखाद्या मंडळीने आपल्या धर्मनियमाप्रमाणे शुद्ध वाइनच ठेविली, तर त्या दोन घोटांना मद्यपान म्हणणे हा अन्याय होय. परवान्याच्या दुकानातून चर्चची बाटली हाती घेऊन निघालेल्या सेवेकऱ्याकडे पाहून कुजबुजणाऱ्यांनी एवढे तरी स्मरावे की, आपल्या तीर्थाच्या पळीचे मोल पाण्याच्या भावाने कोणी केले, तर आपणांस ते रुचणार नाही.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या शास्त्रांनी गरिबाची लाज फार कोवळेपणाने राखली आहे. पान, फूल, फळ वा नुसते पाणी भक्तीने दिले तरी ते आपण स्वीकारतो, असे भगवंतांनी गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितले. सुदाम्याचे पोहे व विदुराच्या कण्या कोणत्या बाजारात किती भावाने मिळाल्या, हे कोणी विचारले नाही. पंढरीच्या विठुरायाला तुळशीची माळ आणि बुक्का पुरतो. षोडशोपचारांत वस्त्र नसेल, अलंकार नसेल, तर त्या जागी अक्षता वाहण्याची सोय भटजी आजही करून देतात. मीमांसकांनी तर या विषयाचे शास्त्रच केले. यज्ञात व्रीही न मिळाल्यास नीवार घ्यावा, सोम न मिळाल्यास पूतिका घ्यावी, अशी प्रतिनिधी द्रव्ये त्यांनी नेमून दिली. परंतु त्यांनी एक मर्यादाही घातली. प्रतिनिधी द्रव्य मूळ द्रव्याशी जुळणारे असावे, आणि जे निषिद्ध आहे ते प्रतिनिधी म्हणूनही चालणार नाही. म्हणजे अभावात सूट आहे, बेपर्वाईला सूट नाही. कॅथलिकांच्या नियमात द्राक्षाला पर्याय नाही, आपल्या शास्त्रात पर्याय आहे; हा भेद खरा. पण जे द्यावयाचे ते खरे असावे, याविषयी दोघांचे एकमत आहे.

हे एकमत आपल्या घरांत कितपत उरले आहे? किराणा दुकानात ‘पूजेची सुपारी’ मागितली की, पुढे येते ती किडकी व पोकळ सुपारी. खाण्याची सुपारी निराळ्या बरणीत असते. ‘पूजेचे तूप’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक डब्यांवर, हे खाण्यासाठी नव्हे, दिव्यासाठी आहे, असे बारीक अक्षरांत छापलेले असते. जे तूप नातवाच्या वरणभातावर घालण्यास आजी धजणार नाही, त्याच तुपाची वात देवापुढे लागते. हळदीपासून केलेल्या कुंकवाच्या जागी रासायनिक रंग आला. पंचामृतातील मधाचे तरी काय? २०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातील १३ नाममुद्रांचा मध तपासला आणि बहुतेकांत साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचे जाहीर केले. कंपन्यांनी ते नाकारले. पण ग्राहकाच्या मनातील शंका काही गेली नाही. हे सारे गरिबीमुळे घडते असे म्हणता येत नाही. ज्या घरात मखरावर व विद्युत्‌-रोषणाईवर हजारो रुपये सहज खर्च होतात, त्याच घरात सुपारी पोकळ येते. दिसणाऱ्या वस्तूवर खर्च आणि अर्पण होणाऱ्या वस्तूवर काटकसर, असा हा उलटा व्यवहार आहे.

येथेच शेजाऱ्याच्या वेदीकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तेथे जो रस वाहिला जातो तो माणसाने पिण्याजोगा असलाच पाहिजे, कारण तो खरोखर प्यायला जातो. देवासाठी वेगळा, हलका माल अशी वर्गवारी तेथे संभवतच नाही. आपल्याही नैवेद्याचा मूळ संकेत हाच होता. देवापुढे ठेवलेले ताट पुढे घरानेच प्रसाद म्हणून जेवावयाचे असते. ज्या वस्तूचा प्रसाद होत नाही, त्या वस्तूंच्या बाबतीत हा संकेत आपण ढिला केला आणि बाजाराने तेवढीच फट गाठली.

आमची सूचना साधी आहे. या चैत्रात पूजेचे सामान आणताना प्रत्येक वस्तूविषयी एकच प्रश्न विचारावा : ही मी माझ्या घरच्यांना देईन काय? ‘होय’ असे उत्तर आले, तर ती कितीही थोडी असो, निःशंक वाहावी. शुद्ध तुपाची एक फुलवात तेवत असली, तर हलक्या तुपाच्या पाच वाती लावण्याचे कारण नाही. एक सुपारी चांगली असावी. पाच पोकळ नसाव्यात. खरा मध परवडत नसेल, तर तो चमचाभरच घालावा, नाहीतर त्याच्या जागी अक्षता वाहाव्यात. खोटा मध मात्र घालू नये. ज्यांची ऐपत तेवढीही नसेल, त्यांनी अंगणातील तुळशीचे पान वाहावे आणि मनात किंचितही संकोच धरू नये. आणि ज्यांची ऐपत आहे त्यांनी आपल्या गल्लीतील मंदिरात शेरभर शुद्ध तेल नेऊन द्यावे. चर्चची मंडळी एकत्र येऊन खरेदी करू शकतात, तर एका आळीतील दहा घरांनाही एकत्र येऊन खात्रीच्या ठिकाणाहून तूप व कुंकू आणता येईल.

भिंगारच्या ज्या मंडळीने वर्गणीचे पैसे मोजून लहानशी पण शुद्ध रसाची बाटली निवडली असेल, किंवा रात्री मनुका भिजत घालून पहाटे त्या गाळल्या असतील, त्यांचे आणि सुंठ कुटून रामजन्माचा सुंठवडा करणाऱ्या आपल्या आयाबहिणींचे काम एकाच जातीचे आहे. दोघांनाही पैसा बेताचाच, आणि देवाला फसवावयाचे नाही हा निश्चय दोघांचाही. माळीवाड्याच्या विशाल गणपतीपुढे हात जोडताना आपल्या प्रत्येक वाचकाच्या मनात हाच निश्चय दृढ व्हावा, आणि आपल्या घरची प्रत्येक वात, प्रत्येक अक्षता खरी असावी, एवढीच या चैत्रोत्सवाच्या निमित्ताने प्रभू रामचंद्रांच्या चरणी आमची प्रार्थना.